धावायचं नाही

पहिल्याच रात्री मी धावले
आणि सांडलेल्या बेटाडीनवरून अशी घसरले
की माझाच केसपेपर काढावा लागला.
हनुवटीला दोन टाके.
घालणारा झैद मुजावर, माझ्याच बॅचचा,
त्याच्या आयुष्यातले पहिले दोन.
वाकडे आहेत. अजून दाखवते त्याला.

साळवे सिस्टर ट्रॉली लावता लावता म्हणाल्या,
"कॅज्युअल्टीत धावायचं नाही, डॉक्टर.
भरभर चालायचं.
तुम्ही धावलात की नातेवाईक धावतात,
नातेवाईक धावले की पेशंटला कळतं."

पुस्तकात हे नव्हतं.
पुस्तकात आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण,
सगळं तोंडपाठ.
पण पुस्तकातल्या माणसाच्या खांद्याला
पीएमटीची पैशाची बॅग नव्हती.

याच्या होती.
छातीवर हत्ती बसलाय म्हणत होते कंडक्टर
आणि बॅग सोडत नव्हते.
स्वारगेट डेपोत भरणा करायचाय.
ईसीजीचा कागद सरकत बाहेर आला,
त्यावर एकापुढे एक थडगी.
मी म्हटलं, द्या, मी मोजते.
दोन हजार तीनशे चाळीस, चिल्लर वेगळी.
"पावती?"
केसपेपरच्या मागे लिहिलं: मिळाले.
खाली सही, तारीख, वेळ.
डॉक्टर म्हणून माझी पहिली सही ती.
मग ते आडवे झाले,
मग सापडली शीर.

ते वर आयसीयूत गेले. पुढचं ठाऊक नाही.
आमच्याकडे प्रत्येक गोष्टीचं
फक्त पहिलं पान येतं.

नवले पुलावरचा मुलगा मात्र
पहिल्या पानातच संपला.
हेल्मेट कोपरात अडकवलेलं, एक ओरखडा नाही.
दोन मिनिटं मी, दोन मिनिटं झैद,
हाताखाली बरगडी मोडल्याचं कळतं,
थांबायचं नसतं.
अडतीस मिनिटं.
बिडकर मॅडमनी वेळ विचारली.
घड्याळ त्यांच्या समोरच होतं, तरी विचारली.
तीन बावन्न, मी म्हटलं,
माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

"प्रयत्न केले वगैरे म्हणू नकोस," मॅडम म्हणाल्या.
"'गेला' म्हण. नाहीतर माणूस
तासभर आशेवर उभा राहतो."
दोनच अक्षरं.
दारापर्यंत पाठ करत गेले.

बाहेर त्याचा भाऊ, असेल पंधराचा,
शाळेच्या पीटीच्या पँटमध्ये.
मी म्हटलं, गेला.
तो म्हणाला, "कुठे?"

हे मॅडमनी शिकवलं नव्हतं.
सिस्टरनीही नव्हतं.
बाकड्यावर त्याच्या शेजारी बसले.
आत कुणीतरी माझ्या नावानं हाका मारत होतं.
थोडा वेळ मारू दिल्या.

सकाळी स्टेशनसमोर चहा.
झैदच्या हातातला ग्लास बशीवर वाजत होता,
त्यानं बशीच काढून टाकली.
मी खारी बुडवली, खाल्ली,
चव लागली.
चव लागल्याची लाज वाटली
आणि मग दुसरी खारी मागवली.
झैद बघत होता. म्हणाला,
"माझ्यासाठी पण सांग."

आता सहा महिने झाले.
शीर डोळ्यांआधी बोटांना दिसते.
आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा
गप्प पडलेल्याकडे आधी जाते.
रडायचं झालं तर लिनन रूम,
दार आतून लागत नाही, पण सगळे ठोठावतात.

परवा आई आली बार्शीहून.
तुळशीबागेत मी पुढे, ती कुठेतरी मागे.
"अगं, हळू! कुणी मरतंय का?"
मी थांबले.
तिच्या हातातली पिशवी घेताना
बोटं मनगटाला लागली
आणि तिथंच राहिली.
बहात्तर. नियमित. भरदार.
दुकानदारानं पातेल्याचा भाव सांगितला:
अठ्ठ्याऐंशी.